जखम मांडीला, मलम शेंडीला: मॉड केलेल्या वीवर हार्ड डिस्क लावताना या चुका टाळा

लोडर (हार्ड डिस्कवरून गेम चालवणारा प्रोग्रॅम) उघडला, पडद्यावर ‘वेटिंग फॉर एचडीडी’ अशी ओळ आली, आकडे उलटे मोजून संपले आणि गेमची यादी मात्र आलीच नाही. काल रात्री याच डिस्कवरून निन्टेन्डोचं वी कन्सोल दोन तास मस्त चाललेलं. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय मॉडवर (बाहेरचं सॉफ्टवेअर चालावं म्हणून कन्सोलमध्ये केलेल्या बदलावर) जातो आणि माणूस सीआयओएस (कन्सोलच्या सिस्टिम सॉफ्टवेअरची बदललेली आवृत्ती) पुन्हा टाकायला बसतो. माझाही एक अख्खा रविवार असाच गेला. दोष निघाला वीतभर लांबीच्या केबलमध्ये.

डिस्कवर केलेली चूक फार तर डिस्क पुन्हा भरायला लावते. कन्सोलच्या आतल्या मेमरीत केलेली चूक कन्सोलच घेऊन जाते. म्हणून शोध बाहेरून आत घ्यायचा. आधी केबल आणि पोर्ट, मग फॉरमॅट, मग फाइल. सीआयओएस सगळ्यात शेवटी. (हार्ड डिस्कवरचे गेम म्हणजे स्वतःकडच्या गेम डिस्कवरून काढलेल्या प्रती, हे गृहीत धरलंय.)

पोर्ट आणि वीज

वीच्या पाठीमागे दोन यूएसबी पोर्ट आहेत. दिसायला जुळे, पण लोडर आधी शोधतो तो कन्सोलच्या कडेला लागून असलेला. डिस्क दुसऱ्यात लावली असेल तर यादी रिकामी दिसू शकते. हे तपासायला दहा सेकंद लागतात, तरी सगळे शेवटी तपासतात.

विजेचं प्रकरण जरा फसवं आहे. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलीअँपिअर द्यावेत असा नियम आहे आणि अडीच इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त मागू शकते. मग कधी डिस्क दिसते, कधी टिकटिक करते, कधी अर्ध्या गेममध्ये गप्प होते. लक्षणं रोज बदलतात, त्यामुळे संशय सॉफ्टवेअरवर जातो. अशा डिस्कला दोन तोंडांची वाय केबल लावावी. डेटाचं तोंड कडेच्या पोर्टमध्ये आणि फक्त वीज घेणारं दुसऱ्यात. ही तोंडं उलटी लावणारेही कमी नाहीत! स्वतःचा अडॅप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क असेल तर हा प्रश्नच येत नाही. यूएसबी हब मात्र मध्ये घालू नका.

काही तयार बाह्य डिस्क थोडा वेळ वाचन झालं नाही की आपोआप झोपी जातात. गेम पॉझ करून जेवायला गेलात आणि परत आल्यावर तो गोठलेला दिसला, तर फाइलला दोष देण्याआधी याचा विचार करा.

पेन ड्राइव्हबद्दल माझं मत स्पष्ट आहे: टाळा. एखादा वर्षानुवर्षं चालतो, दुसरा ऐन व्हिडिओ सीनमध्ये अडखळतो, आणि कोणता कसा वागेल हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

फॉरमॅट

फॅट३२ (डिस्कवर फाइल मांडण्याची पद्धत), एमबीआर पार्टिशन (डिस्कचे भाग नोंदवण्याची पद्धत) आणि ३२ केबी क्लस्टर (डिस्कवर जागा ज्या तुकड्यांत वाटली जाते तो तुकडा). एवढं जमलं की अर्धी लढाई जिंकली. अडचण अशी की विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या डिस्कला फॅट३२ हा पर्यायच दिसत नाही. एनटीएफएस आणि एक्सफॅट दिसतात. लोक एक्सफॅट निवडतात आणि अडकतात, कारण वीवरच्या लोडरला ते वाचता येत नाही. एनटीएफएस निवडलं तर यूएसबी लोडर जीएक्स हा लोडर वीचे गेम दाखवतो, पण गेमक्यूब या निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलच्या गेमसाठी लागणारा निन्टेन्डॉन्ट हा प्रोग्रॅम तिथे हात वर करतो. म्हणजे अर्धं काम चालतं, आणि अर्धं चालणारं काम शोधायला सगळ्यात त्रासदायक. मोठी डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट करणारी छोटी मोफत साधनं मिळतात, ती वापरा आणि क्लस्टरचा आकार ‘डिफॉल्ट’ न ठेवता ३२ केबी हातानेच निवडा.

जुनी डिस्क असेल तर आणखी एक सापळा. पूर्वी अख्खं पार्टिशनच डब्ल्यूबीएफएस या खास वीच्या गेमसाठीच्या प्रकारचं करत. ते विंडोजला ओळखता येत नाही, त्यामुळे डिस्क लावताच ‘फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न येतो. सवयीने ‘हो’ म्हटलं की सगळा संग्रह गेला. वी यू (वीनंतरचं निन्टेन्डोचं कन्सोल) सुद्धा अनोळखी डिस्क दिसली की आपल्या पद्धतीने फॉरमॅट करायला मागतं. तिथेही नकारच द्यायचा.

फाइल: आकार, नाव, जागा

फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही आणि वीची एकथरी गेम डिस्क ४.७ जीबीची असते. म्हणून आयएसओ (गेम डिस्कची पूर्ण प्रत असलेली फाइल) तशीच कॉपी करायला गेलं की संगणक ‘फाइल फार मोठी’ म्हणतो. यावर काही जण शक्कल लढवतात आणि आयएसओचं शेपूट (फाइलच्या नावातलं शेवटचं एक्स्टेन्शन) बदलून डब्ल्यूबीएफएस करतात. नाव बदलल्याने फाइल बदलत नाही. वी बॅकअप मॅनेजर किंवा विम्स आयएसओ टूल्स या संगणकावरच्या साधनांनी खरोखर रूपांतर करावं लागतं. त्यात गेम डिस्कवरची निव्वळ भरतीची जागा गळून पडते आणि बरेच गेम निम्म्याहून लहान होतात. ‘सुपर स्मॅश ब्रॉस. ब्रॉल’सारखा दुथरी डिस्कवरचा गेम तरीही ४ जीबीत बसत नाही. त्याचे दोन तुकडे होतात, एकाचं शेपूट डब्ल्यूबीएफएस आणि दुसऱ्याचं डब्ल्यूबीएफ१. दुसरा तुकडा ‘नको असलेली फाइल’ समजून पुसू नका.

क्लीनरिप या वीवरच्या प्रोग्रॅमने गेम डिस्कची प्रत काढताना फॅट३२ वर गेम पार्ट०, पार्ट१ असा तुकड्यांत उतरतो. ते आधी जोडायचे, मग रूपांतर. फक्त पहिला तुकडा उचलून ‘गेम खराब आहे’ म्हणणारे मी पाहिलेत. आरव्हीझेड हा डॉल्फिन एम्युलेटरचा (संगणकावर वीचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) फाइल-प्रकार आहे, खऱ्या कन्सोलला तो कळत नाही.

जागेचं सांगायचं तर वीचे गेम डिस्कच्या मुळाशी ‘डब्ल्यूबीएफएस’ फोल्डरमध्ये, प्रत्येकाचं वेगळं फोल्डर, नावापुढे चौकटी कंसात सहा अक्षरी ओळख आणि फाइलचं नाव म्हणजे तीच ओळख. अमेरिकी ‘मारिओ कार्ट वी’ची ओळख आरएमसीई०१. चौथं अक्षर प्रदेश सांगतं: ई अमेरिका, पी युरोप, जे जपान. गेमक्यूबचे मात्र ‘गेम्स’ फोल्डरमध्ये, आणि तिथे फाइलचं नाव ‘गेम डॉट आयएसओ’. दुसरी डिस्क असेल तर ‘डिस्क२ डॉट आयएसओ’.

एकच गेम अडतोय की सगळेच? सगळे अडत असतील तर पुन्हा केबल आणि फॉरमॅटकडे जा. एकच अडत असेल तर ती प्रत डॉल्फिनमध्ये उघडून तपासा. गेमच्या गुणधर्मांत पडताळणीची सोय आहे, काही मिनिटांत प्रत धड आहे की नाही कळतं.

आणि मग सीआयओएस

एवढं सगळं ठीक असूनही गेम निवडल्यावर काळा पडदा येऊन मेन्यूत परत फेकत असेल, तरच आत शिरा. तेही आधी लोडरमधल्या त्या गेमच्या सेटिंगमध्ये. नेहमीच्या मांडणीत २४९ नंबरच्या खणात वीच्या मूळ सिस्टिम सॉफ्टवेअरपैकी आयओएस ५६ वर आधारलेलं डी२एक्स हे सीआयओएस असतं आणि २५० मध्ये ५७ वर आधारलेलं. एकावर न चालणारा गेम दुसऱ्यावर चालून जातो. काय बसवलंय याची यादी सिसचेक या प्रोग्रॅमने काढता येते. ती बघून जे नाही तेवढंच टाका. जुन्या व्हिडिओत दाखवलेले इन्स्टॉलर एकावर एक चालवत सुटू नका, आणि वी यूच्या आतल्या वीवर (वीचे गेम चालवणाऱ्या भागावर) साध्या वीचं डी२एक्स टाकू नका, त्याची आवृत्ती वेगळी आहे.

यातलं काहीही करण्याआधी बूटमी या प्रोग्रॅमने नँडची (कन्सोलच्या आतल्या मेमरीची) प्रत काढा. नँड जेमतेम ५१२ एमबीची आहे, प्रत एसडी कार्डावर सहज मावते, पण कार्डावरच सोडू नका, संगणकावरही ठेवा. ती प्रत फक्त त्याच कन्सोलला लागू पडते. मित्राच्या वीची नँड आपल्या वीत चालत नाही.