बॅलेचं तिकीट 'आज कोण नाचतंय' बघून कसं काढायचं, आणि मग त्यावर भांडायचं कसं

पहिल्यांदा बॅले बघायला गेले तेव्हा तिकीट काढताना मी फक्त नाव बघितलं होतं, स्वान लेक, आणि सीट सगळ्यात वरची कारण तेवढीच परवडत होती. मध्यंतरात शेजारच्या आजींनी विचारलं, तू कुणासाठी आलीस? मला प्रश्नच कळला नाही, म्हटलं हंसांसाठी. त्या हसल्या नाहीत. त्या त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा आल्या होत्या, तिन्ही वेळा ओडेट, म्हणजे हंसांची राणी, वेगळी, आणि तिघींचे हात कसे वेगळे हे त्यांनी मला आईस्क्रीम संपेपर्यंत समजावलं. मला बाबा आठवले. एकच संगीत नाटक, पण संच बदलला की परत तिकीट, आणि घरी येऊन आईशी वाद की आधीचा बरा होता का हा. म्हणजे रोग तोच, फक्त इथे पदाऐवजी पाय.

आता लंडनमध्ये बरीच वर्षं झालीत आणि ओळखीतले मराठी लोक विचारतात की आम्हाला बॅलेतलं काही कळत नाही तर कुठला शो बघू, आणि हे फॅन लोक एवढं तावातावाने काय बोलत असतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय. बहुतेक उदाहरणं रॉयल बॅले या इथल्या कंपनीची, म्हणजे संचाची, आहेत कारण जास्त तेच बघितलंय.

तर आधी कास्टिंगचा कागद वाचायला शिका. कॉव्हेंट गार्डनच्या, म्हणजे रॉयल बॅले जिथे नाचते त्या ऑपेरा हाउसच्या, वेबसाइटवर प्रत्येक तारखेसमोर मुख्य भूमिकांची नावं असतात, तारीख सोयीची म्हणून डोळे झाकून क्लिक करू नका, आधी नावं बघा. रॉयलमध्ये पायऱ्या अशा: आर्टिस्ट, फर्स्ट आर्टिस्ट, सोलोइस्ट, फर्स्ट सोलोइस्ट आणि सगळ्यात वर प्रिन्सिपल. न्यूयॉर्कच्या कंपन्यांमध्ये तीनच, कोर (म्हणजे समूहात नाचणारे), सोलोइस्ट, प्रिन्सिपल. पॅरिसला पाच आणि टोकाला एत्वाल, म्हणजे तारा, आणि तो मान कधीकधी शो संपल्यावर स्टेजवरच जाहीर करतात, लोक रडतात वगैरे. हे पाठ करायची गरज नाही. मुख्य भूमिकेसमोर प्रिन्सिपल नसलेलं नाव दिसलं की थांबायचं एवढं लक्षात ठेवा, कारण कुणालातरी मोठी संधी मिळतेय आणि तिथे काहीतरी घडण्याची शक्यता असते. असे पहिले प्रयोग बरेचदा दुपारच्या शोला ठेवतात. मला स्वतःला दुपारचे शो जास्त आवडतात, तिथे अनुभवी लोकांचा सफाईदारपणा नसेल पण जीव लावून नाचलेलं असतं, आणि विंगेतून सहकारी डोकावून बघत असतात तेही कडेच्या सीटवरून दिसतं.

पण मत बनवायचा खरा उपाय एकच, एकच बॅले दोन वेगळ्या जोड्यांमध्ये बघा, शक्यतो एकाच आठवड्यात. पैसे जातात, मान्य आहे. तरी चार वेगळे बॅले एकेकदा बघण्यापेक्षा एक दोनदा बघाल तर जास्त कळेल, कारण पहिल्या वेळी तुम्ही गोष्ट बघता, सेट बघता, कपडे बघता, माणूस दुसऱ्यांदाच दिसतो. यासाठी जिझेल घ्या. १८४१ सालचं पॅरिसचं काम, दोनच अंक, गोष्ट सरळ आहे: खेड्यातली मुलगी, सरदार वेष बदलून प्रेम करतो, फसवणूक कळल्यावर ती वेडी होऊन मरते, आणि दुसऱ्या अंकात भूत होऊन त्यालाच वाचवते. रॉयल बॅले पीटर राइटचं १९८५ चं प्रॉडक्शन करते, त्यामुळे सेट, स्टेप्स, संगीत सगळं तेच राहतं आणि फरक पडतो तो फक्त माणसांचा.

काय बघायचं? पहिल्या अंकात वेडाचा प्रसंग, तिथे नाच जवळजवळ नाहीच, सगळा अभिनय. काही जणी आधीपासूनच नाजूक, आजारी वाटतात, म्हणजे हिचं हृदय कमकुवत आहे हे आपल्याला आधीच कळतं. काही जणी इतक्या आनंदी असतात की तो धक्का आपल्याला बसतो. मला दुसरी जात आवडते, पण माझी एक मैत्रीण याच्या अगदी उलट आणि आमचं या विषयावर एकमत कधीच होणार नाही. दुसऱ्या अंकात बघा ती वजन कुठे लपवते. नतालिया ओसिपोव्हा, जी बोल्शोईतून पुढे आली आणि २०१३ मध्ये रॉयलला, तिची उडी अशी की वर गेलेली बाई खाली यायचं विसरली की काय असं वाटतं. मारियानेला नुन्येझ, ब्यूनोस आयर्सची, २००२ पासून प्रिन्सिपल, तिच्याकडे उडीपेक्षा तोल आणि संथपणा, सूर लांबवावा तशी ती हात लांबवते. यात कोण मोठी हा प्रश्न मला फालतू वाटतो, कुणाचं भूत कुठल्या प्रकारचं आहे यावर मात्र तासभर बोलता येतं. आणि मिर्था, म्हणजे दुसऱ्या अंकातल्या सगळ्या भुतांची राणी, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, ती कच्ची असेल तर दुसरा अंक पडतो, मग जिझेल कितीही चांगली असू दे.

अजून एक, ज्याचा नाच चालू नाहीये त्याच्याकडे अधूनमधून बघा. प्रियकर झालेला डान्सर बाजूला उभा राहून खरंच बघतोय का फक्त पुढच्या उडीसाठी श्वास साठवतोय. कळतं, वरच्या सीटवरूनही कळतं.

आता मोजणीचा सापळा. स्वान लेकच्या तिसऱ्या अंकात काळी हंसिणी ओडील एका पायावर बत्तीस गिरक्या घेते, त्याला फुएते म्हणतात, आणि नवे लोक मनातल्या मनात मोजतात. मी पण मोजायचे. कथक बघितलेल्या माणसाला तर राहवतच नाही, चक्कर म्हटलं की बोटं चालू. या बत्तीस काही देवाने दिलेल्या नाहीत, १८९५ च्या पीटर्सबर्गच्या प्रयोगात पिएरिना लेन्यानी नावाच्या इटालियन बाईने तिथे घेतल्या, कारण तिची ती खासियत होती, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या मानगुटीवर बसल्यात. बोल्शोईची मोठी तारका माया प्लिसेत्स्काया फुएते न करता स्टेजभर गोल फिरत गिरक्या घ्यायची आणि तिला कुणी छोटी म्हटलं नाही. २०१८ मध्ये सिंगापूरला अमेरिकेची प्रसिद्ध डान्सर मिस्टी कोपलंडने फुएते पूर्ण न करता मध्येच दुसऱ्या गिरक्या घेतल्या, त्याचा व्हिडिओ फिरला, लोकांनी झोडपलं, तिने ती टीका स्वतःच शेअर करून उत्तर दिलं. आता तंत्र कमी पडलं हे म्हणण्यात काही गैर नाही, मी पण म्हणेन, पण तीन तासांच्या दुहेरी भूमिकेवर निकाल अर्ध्या मिनिटाच्या क्लिपवरून द्यायचा म्हणजे गवयाची अख्खी मैफल सोडून एका तानेवर बोलण्यासारखं आहे. मोजायचंच असेल तर संगीताशी मोजा, शेवटची गिरकी समेवर येते का, का ऑर्केस्ट्रा तिच्यासाठी थांबलाय.

कास्टिंगवरची भांडणं ही खरी मजा. हिला पहिला शो का, त्याला का नाही, ही जोडी परत परत का. इथे एक जुनी गोष्ट माहीत असली की बरं पडतं. १९६५ मध्ये नृत्यदिग्दर्शक केनेथ मॅकमिलनने रॉयलसाठी रोमिओ अँड ज्युलिएट बसवलं ते लिन सीमोर आणि ख्रिस्तोफर गेबल या दोघांच्या अंगावर, म्हणजे ज्युलिएटची प्रत्येक हालचाल सीमोरच्या शरीरातून आलेली. आणि पहिल्या रात्री नाचले कोण, तर मार्गो फॉन्टेन आणि रुडॉल्फ नुरेयेव, तेव्हाची सगळ्यात गाजलेली जोडी, कारण अमेरिकेचा दौरा आयोजित करणाऱ्या सोल ह्युरॉकला ती नावं हवी होती. फॉन्टेन ४५ ची, नुरेयेव २६ चा. पडदा ४३ वेळा वर गेला, टाळ्या चाळीस मिनिटं. म्हणजे अन्याय झाला आणि रात्र ऐतिहासिकही झाली, दोन्ही खरं. पुढच्या वर्षी मॅकमिलन बर्लिनला गेला, सीमोर पण गेली. जाणते फॅन आजही या प्रकरणात दोन गटात आहेत आणि मी सीमोरच्या गटात, ज्युलिएट बघताना मला कायम ती न दिसलेली बाई आठवते.

म्हणून कास्टिंगवर बोलताना आधी व्यवहार विचारात घ्या. उंची जुळते का, कारण पॉइंट शूजच्या टोकावर उभी राहिली की बाई चांगलीच उंच होते आणि मग कितीतरी छान जोड्या कागदावरच राहतात. दोघांनी आधी एकत्र काम केलंय का. त्याच आठवड्यात दुसरा कुठला बॅले चालू आहे. आणि दुखापत. नाव अचानक बदललं की लोक लगेच राजकारण शोधतात, बहुतेक वेळा साधा घोटा असतो. रॉयलच्या स्टीव्हन मॅक्रेचं अकिलीस टेंडन (टाचेमागची शीर) २०१९ मध्ये भर प्रयोगात, स्टेजवर तुटलं, परत यायला दोन वर्षं गेली. त्यामुळे कुणी दोन महिने दिसत नसेल तर अंदाज बांधत बसू नका, डान्सरच्या तब्येतीची चर्चा त्याने स्वतः सांगितल्याशिवाय करायची नाही. वयाचंही तसंच. इटालियन बॅलेरिना आलेसांद्रा फेर्री २०१५ मध्ये वूल्फ वर्क्स हा बॅले नाचली तेव्हा ५२ ची होती, आणि ती भूमिका पंचविशीतल्या मुलीला जमली असती असं मला अजिबात वाटत नाही.

बढतीवर तर वशिल्याची चर्चा ठरलेली. पॅरिसच्या ग्वियोम द्योपला २०२३ मध्ये दक्षिण कोरियात सोलला जिझेलनंतर एत्वाल केलं, मधली एक पायरी ओलांडून, आणि तो तिथला पहिला कृष्णवर्णीय एत्वाल. लगेच घाई केली वगैरे सूर निघाला. अशा वेळी मी एकच विचारते, तुम्ही त्याला कशात बघितलंय? उत्तर नसेल तर चहा घ्या.

शरीरावर बोलायचं नाही, हा मात्र माझा कडक नियम आहे. रेषा, खांदे, पाऊल, उडीतून उतरताना आवाज होतो का, यावर बोला, हवं तेवढं टोचून बोला. वजनावर नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने नटक्रॅकरमधल्या जेनिफर रिंगरच्या वजनावर शेरा मारला, आणि ही बाई आधीच खाण्याच्या आजारातून गेलेली होती. केवढा गदारोळ झाला. डान्सर लोक वाचतात हो सगळं.

आता प्रोग्रामिंग, म्हणजे कंपनी वर्षभरात काय काय करणार. नवा सीझन जाहीर झाला की दरवर्षी तेच रडगाणं, परत नटक्रॅकर, परत स्वान लेक, नवीन काही नाही. पण डिसेंबरचा नटक्रॅकर कंपनीचं घर चालवतो, तो आहे म्हणून तीन छोट्या तुकड्यांचा ट्रिपल बिल परवडतो, ज्याला मग तक्रार करणारेच जात नाहीत. तुम्हाला नवं हवं असेल तर ट्रिपल बिलचं तिकीट काढा, तिथे बोललेलं मोजलं जातं. शिवाय तो नवख्यांसाठीही बरा, एक तुकडा नाही आवडला तर अर्ध्या तासात दुसरा येतो.

आणि मग ला बायादेर, ज्यावर आपल्याला बोलायचा जरा जास्त हक्क आहे. नृत्यदिग्दर्शक पेतिपाने १८७७ मध्ये पीटर्सबर्गला बसवलेला काल्पनिक भारत: देवळात नाचणारी निकिया, तिच्यावर भाळलेला मुख्य ब्राह्मण, योद्धा सोलोर, राजाची मुलगी गमझात्ती, फुलांच्या टोपलीत साप, आणि देवळाच्या आवारात उड्या मारणारे फकीर, हो फकीर. रॉयलमध्ये नतालिया मकारोव्हाचं रूप १९८९ पासून आहे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा पहिल्या अंकात मी हसले, मग चिडले, आणि मग सावल्यांचा, म्हणजे मेलेल्या नर्तकींच्या भुतांचा, प्रवेश आला. उतारावरून एकामागून एक, एकच हालचाल करत चोवीस जणी पांढऱ्या कपड्यात खाली येतात, रशियन रूपात बत्तीस, आणि मी गप्प. बंद करा म्हणणारे आणि हात लावू नका म्हणणारे दोघेही मला घाईचे वाटतात. माझं मत, सावल्यांचा प्रवेश वेगळा करा, नुरेयेवने १९६३ मध्ये रॉयलसाठी तेवढाच बसवला होता, आणि बाकीचा भाग भारतीय नाच माहीत असलेल्या माणसाला बसवायला द्या. इंग्लिश नॅशनल बॅलेने २०१६ मध्ये जिझेल अक्रम खानकडे दिलीच की, कथकवाल्याकडे, आणि त्यात कारखान्यातले स्थलांतरित मजूर आले तरी जिझेल मेली नाही. उलट. अर्थात सगळे मराठी लोक माझ्याशी सहमत नाहीत, एक काका म्हणाले अगं सोड ना, आपल्या सिनेमातलं स्वित्झर्लंड तरी कुठे खरं असतं.

भारतात असाल आणि थिएटर हाताशी नसेल तर वर्ल्ड बॅले डे बघा, २०१४ पासून मोठ्या कंपन्या आपला रोजचा क्लास आणि तालीम फुकट दाखवतात. क्लासमध्ये मेकअप नाही, सेट नाही, घामेजलेले टीशर्ट, पण नंतर स्टेजवर कोण काय लपवतंय ते ओळखायला यानेच शिकले मी.

शो संपल्यावर ट्रेनमध्येच चार ओळी लिहून ठेवा, दुसऱ्या कुणाचं काही वाचायच्या आधी. सकाळी समीक्षा वाचली की आपलं मत चोरीला जातं आणि कळतही नाही. आणि कॉव्हेंट गार्डनला उभ्याचं स्वस्त तिकीट काढणार असाल तर जिझेल काढा, दोन तासांच्या आसपास आटपतं, स्वान लेक उभ्याने बघायचं तर सपाट चपला घाला आणि मध्यंतरात जिन्यावर बसून घ्या, सगळे बसतात.