गावाची जैवविविधता नोंदवही पोरांकडून कशी करून घ्यायची

गावात निसर्ग शिक्षणाचं काहीतरी सुरू करायचंय, प्रोजेक्टर लागेल का, शहरातून कोणी एक्स्पर्ट बोलवू का, असं बरेच जण विचारतात. पहिल्या वर्षी तरी नका बोलवू. आम्ही स्लाइड शो ठेवला होता, हत्ती वाघ पेंग्विन सगळं दाखवलं, पोरं खूश होऊन घरी गेली आणि विषय तिथेच संपला.

त्यापेक्षा आधी ग्रामपंचायतीत जा. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीची जैवविविधता समिती असायला हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं, प्राणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती लिहिलेली वही, करायला हवी. ग्रामसेवकाकडे मागा, बहुतेक कपाटात कुठेतरी सापडेल. आमची सापडली, स्पायरल बाइंडिंग वगैरे मस्त, पण पंचायतीच्या मागे बांधावर जे काकडाचं झाड आहे तेच आत नव्हतं! चिडू नका, पोरांना सांगा की यात काय काय राहिलंय ते शोधून आणा. चुका काढायचं काम पोरांना फार आवडतं.

सातवी-आठवीची पोरं घ्या, चार-चारचे गट, एक वही, गटात एक फोन बास, आणि प्रत्येक गटाला एक आजी किंवा आजोबा. सुरुवात मे संपताना करा म्हणजे रानभाज्या मिळतात. "औषधी वनस्पती सांगा" असं विचारलं की म्हातारी माणसं गप्प बसतात, "पहिल्या पावसात काय खायचात" विचारा, मग थांबत नाहीत. आमच्या एका मुलीने विचारलं, आजी, शेवळं (पहिल्या पावसात उगवणारी रानभाजी) नुसती का नाही करत? आजी म्हणाली, "कर ना, आणि रात्रभर घसा खाजवत बस. काकडं घातल्याशिवाय शेवळाच्या वाटेला जायचं नाय." काकडं म्हणजे काकडाची फळं, त्यांनी शेवळाची खाज जाते. झालं, एका वाक्यात दोन झाडं, मोसम आणि रेसिपी, आणि ते बांधावरचं काकड आपोआप वहीत आलं.

वहीत गावातलं नाव आधी लिहायचं, मग कुठे, कधी, पूर्वी किती मिळायचं आणि आता किती. शास्त्रीय नावाची घाई नको, पानाच्या दोन्ही बाजू, फूल, फळ असे फोटो काढून ठेवा, नंतर आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून झाडं-प्राणी ओळखायचं ॲप) टाका किंवा जवळच्या कॉलेजात बॉटनीच्या सरांना दाखवा. वैदू किंवा सुईण औषध सांगत असेल तर लिहू का हे आधी विचारायचं, नको म्हणाले तर नाही लिहायचं. दुर्मिळ कंद-ऑर्किडचं लोकेशन ऑनलाइन टाकू नका, लोक खणून नेतात.

पाऊस लागला की ओढा. चढणीचे मासे म्हणजे नेमकं काय हे आमच्या पोरांना गाबोळीवरून, म्हणजे माशाच्या अंड्यांवरून कळलं. आई मासे साफ करत होती तर एकाने गाबोळी ताटलीत घालून शाळेत आणली, सगळे मोजायला बसले आणि शंभरच्या पुढे कंटाळले. मासे अंडी घालायलाच ओढ्यात आणि भाताच्या खाचरात चढतात आणि आपण तेव्हाच ओढ्याला आडवं जाळं लावतो हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

इथे आम्ही चूक केली ती तुम्ही करू नका. पहिल्या पावसाचे चार दिवस आडवं जाळं बंद, असं आम्ही गावात बसून ठरवून टाकलं आणि वाडीवरच्या लोकांना बोलवलंच नाही, म्हणजे जे खरे त्या माशांवर जगतात त्यांनाच नाही. तिथल्या एका काकाने सरळ विचारलं, "तुमची पोरं उन्हाळ्यात डोहात मासे मारायला ब्लिचिंग पावडर टाकतात ते चालतं काय?" कोणाकडे उत्तर नव्हतं. परत मिटिंग घेतली, ती वाडीवर, आणि आधी ब्लिचिंग बंद, मग जाळ्याचं बघू असं ठरलं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत पोरांनी वही वाचली, त्यानंतर हा ठराव लिहून घेतला. तुम्ही पण तोंडी ठेवू नका, ठरावाची नक्कल मागून घ्या, सरपंच बदलला की तीच कामाला येते. जाळी अजून लागतात, रात्री, पण निम्म्या ओढ्यालाच.