गावातून स्टँडअप करायचंय? मग हे वाचा

यवतमाळ, वाशिम, अकोल्याकडची पोरं-पोरी विचारतात, ‘दादा, स्टँडअप करायचं तर पुण्या-मुंबईलेच जा लागते का?’ जावं लागतं, पण नंतर. आधी गावात जे आहे ते शिकून घ्या, कारण एकट्या माणसानं उभं राहून गर्दीला हसवायची कला आपल्याकडे फार जुनी आहे.

पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना यमक जुळवून म्हणतात त्या झडत्या घ्या. चार ओळींत सावकारापासून सरकारपर्यंत सगळ्यांचा समाचार, आणि शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’. ओळी कमी, बोचणारी गोष्ट शेवटी, मग गर्दीचा आवाज. स्टँडअपच्या पाच मिनिटांच्या सेटचा, म्हणजे एका दमात सादर करायच्या विनोदांचा, सांगाडा हाच असतो. गाडगेबाबांच्या १९५६ सालच्या मुंबईतल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण मिळतं, ते जरूर ऐका. बाबा प्रश्न टाकतात, लोक उत्तर देतात, आणि त्या उत्तरावरच बाबा पुढचा घाव घालतात. प्रेक्षकांशी बोलत कार्यक्रम पुढे नेणं शिकायला मला याहून चांगला गुरू सापडलेला नाही. सात खंजेऱ्या वाजवत कीर्तन करणाऱ्या सत्यपाल महाराजांची सप्तखंजेरी, डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या वऱ्हाडी विनोदी कविता हेही ऐका. गडचिरोली-चंद्रपूरकडचे असाल तर झाडीपट्टीची नाटकं आहेतच. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडसा हे त्याचं मोठं केंद्र, आणि रात्रभर जागलेल्या प्रेक्षकाला पहाटे हसवायचं काम तिथला विनोदी नट करतो. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी.

आता लिहिण्याबद्दल. इथं घाई करू नका.

माझ्या सेटमधला एक तुकडा सांगतो. ‘व्यापाऱ्यानं मशीन लावली. म्हणे, सोयाबीनमंदी पाणी हाये, भाव कमी लागीन. बाबा म्हणे, भाऊ, तुह्या मशीनले पाणी सापडते ना? मंग लाव थे मशीन आमच्या बोअरले.’ यात ‘बोअरले’ शेवटी आहे म्हणून हसू येतं. ‘आमच्या बोअरले मशीन लाव, तिथं पाणी नाही’ असं केलं की सगळं संपलं. हसवणारा शब्द वाक्याच्या टोकाला ठेवायचा आणि त्याच्यामागे एक अक्षरही बोलायचं नाही. लिहून झालं की मोठ्यानं वाचा आणि खोडत जा.

हाच तुकडा यवतमाळकडच्या दारव्ह्यात आणि पुण्यात सारखा चालत नाही. दारव्ह्यात ‘मशीन लावली’ म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यांपुढे बाजार समिती उभी राहते. पुण्यात आधी सांगावं लागतं की सोयाबीनमधला ओलावा मोजतात, हमीभावानं विकायचं तर साधारण १२ टक्क्यांची मर्यादा असते, आणि ओल जास्त निघाली की भाव पडतो. ही माहिती एका वाक्यात बसवता आली पाहिजे. बसत नसेल तर तो विनोद गावासाठी ठेवा, शहरासाठी दुसरा लिहा. मी दोन्हींच्या वेगळ्या वह्या ठेवतो.

भाषा वऱ्हाडीच ठेवा. अभिनेते भारत गणेशपुरेंमुळे ती टीव्हीवर घरोघरी पोचली आहे, त्यामुळे शहरातला प्रेक्षक आता बिचकत नाही. पण नुसत्या हेलावरचं हसू दोन मिनिटांत संपतं. म्हणून लिहिलेला तुकडा प्रमाण मराठीत म्हणून पाहा. तरीही हसू आलं तर तो खरा विनोद. मग तो परत आपल्या बोलीत आणा, दुप्पट चालतो.

विषयाबद्दल माझं मत ठाम आहे. आपल्या भागात कर्ज आणि आत्महत्या हा दूरचा विषय नाही, समोरच्या खुर्चीवर त्या घरातलं कोणी बसलेलं असू शकतं. विनोद सावकारावर करा, पीकविम्याच्या कागदांवर करा, मशीनवर करा. मेलेल्या माणसावर आणि त्याच्या घरावर कधीच नाही. गावातल्या खऱ्या माणसाचं नाव घेऊ नका, आणि नाव बदलूनही तो ओळखू येत असेल तर आधी त्याला भेटून ऐकवा.

सराव कुठं करायचा? शाळा-कॉलेजचं स्नेहसंमेलन, गणपती, शारदोत्सव. सूत्रसंचालन मागून घ्या. दोन कार्यक्रमांच्या मधली दोन मिनिटं तुमचीच असतात. गणपतीत आयोजकाला वेळ आधीच विचारा. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करण्याचा नियम आहे, आणि सत्कार लांबले की कात्री आपल्यालाच लागते. असा सराव झाला की नागपूरच्या ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनाही काही मिनिटं माइक देणाऱ्या कार्यक्रमाला जा, मग पुण्या-मुंबईला. गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्सप्रेस रात्रभर चालते, त्यामुळे एका शोसाठी मुक्कामाचा खर्च वाचवता येतो. पोरींना रात्रीच्या शोनंतर परतायचा प्रश्न खरा आहे. रविवारी दुपारचा स्लॉट आहे का, हे आयोजकाला सरळ विचारा, त्यात संकोच नको.

ओपन माइकला मानधन मिळत नाही, काही ठिकाणी तर कलाकारालाच प्रवेश फी असते. पहिला पैसा बहुतेकांना सूत्रसंचालनातून येतो, नंतर संस्था-कंपन्यांच्या कार्यक्रमांतून. तोवर नोकरी, दुकान, वावर, जे असेल ते सोडू नका. घरच्यांना एकदा कार्यक्रमाला आणा. माझ्या बाबांना समजावून काही उपयोग झाला नव्हता. सोयाबीनच्या तुकड्यावर अख्खा मंडप हसताना त्यांनी पाहिला, तेव्हापासून बाजारातून आले की तेच नवीन काहीतरी सांगतात.

प्रत्येक वेळी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि घरी परततानाच ऐका. जिथं हसू आलं तिथं वहीत खूण, जिथं आलं नाही तिथं वाक्य बदला, आणि पुढच्या कार्यक्रमाला नवं वाक्य घेऊन जा.