स्वेडच्या बुटांवर पुन्हा पुन्हा येणारी बुरशी: माझा अनुभव

दमट हवेत कपाटातल्या स्वेडच्या (लव असलेल्या मऊ चामड्याच्या) बुटांवर पांढरी बुरशी यायची. पुसली तरी आठवड्यात परत. ओल्या फडक्याने डाग पसरले, उन्हात चामडं कडक झालं. फार वैताग आला.

शेवटी हे जमलं. घराबाहेर, मास्क लावून, कोरड्या ब्रशने बुरशी झाडली. पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेतलं, फडकं घट्ट पिळलं, टाचेजवळ रंग जात नाही ना ते तपासलं आणि मग नुसतं टिपलं, घासलं नाही. आतूनही टिपलं, बुरशी तिथूनच परतत होती! आत कोरा कागद कोंबून (वर्तमानपत्राची शाई लागते) सावलीत पंख्याखाली २४ तास ठेवले. पूर्ण सुकल्यावरच ब्रश फिरवून लव उभी केली. आता प्लास्टिकऐवजी कापडी पिशवी, सोबत ओलावा शोषणारं सिलिका जेल.