आसकंद घेऊनही झोप येत नाही? या चुका टाळा

आसकंद, म्हणजे अश्वगंधा, गुंगीची गोळी समजून घेतली की आठवड्याच्या आत "काही फरक नाही" म्हणत डबी फडताळात जाते. हिचा गुण सावकाश येतो. झोप सुधारल्याचं दिसलेल्या बहुतेक चाचण्या ६ ते १२ आठवडे चालल्या होत्या.

बांधावरचं झाड ओरबाडून पानांचा काढा करू नका. झोपेसाठी वापरतात ते मूळ. पानांत विदाफेरिन-ए हे पेशींना मारक ठरू शकणारं द्रव्य जास्त असतं. शिवाय पुष्कळदा उपटून आणलेली चिरबोटीच निघते, कारण कागदी टोपरं दोन्ही फळांना असतं. आसकंदाची फळं पानाच्या बेचक्यात झुपक्यानं येतात, पिकली की लालभडक होतात आणि पानावर पांढुरकी लव असते. चिरबोटीचं फळ एकेकटं लोंबतं.

मापातही घोळ होतो. चूर्ण दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. सुरुवात ३ नं, म्हणजे चहाचा सपाट चमचा. शीग लावली की दुप्पट जातं, मग मळमळ नाही तर जुलाब. कॅप्सूलमधला ३०० मिलिग्रॅम अर्क वेगळा, त्याचा हिशोब चूर्णाला लावू नका.

नुसत्या दुधात उकळलेलं चूर्ण बुडाला धरतं आणि करपट लागतं. क्षीरपाकाचं, म्हणजे औषध दूध-पाण्यात उकळून आटवण्याचं, जुनं माप सोपं आहे: औषधाच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी. ५ ग्रॅम भरड, ४० मिली दूध, १६० मिली पाणी. मंद आचेवर पाणी आटून दूध तेवढं उरलं की गाळा. वस्त्रगाळ चूर्ण नको, ते गाळता येत नाही.

जेवणानंतर तासाभरानं घ्या. त्यावर पुन्हा कडक चहा झाला तर दोष आसकंदाचा नाही.

रात्रपाळीची लाइट असेल आणि बाराला मोटार चालू करायला जायचं असेल, त्या रात्री घेऊच नका. अंधारात, पेंगुळलेल्या डोळ्यांनी विहिरीच्या काठावर जायचं नसतं. दारू किंवा झोपेची गोळी हिच्या जोडीला तर अजिबात नको.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी टाळावी. थायरॉईड, साखर, बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. थायरॉईड हार्मोनचं प्रमाण हिनं वाढू शकतं. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी बंद करून दवाखाना गाठा.