पत्रकारांशी बोलताना प्रवक्त्यांनी या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात संस्थेच्या प्रवक्त्यापुढे मराठी आणि कन्नड वाहिन्यांचे बूम (माईक) एकाच वेळी येतात. मराठीत सविस्तर बोलून कन्नडमध्ये दोन वाक्यांत आटोपते घेतले, की दुसऱ्या दिवशी एकाच घटनेच्या दोन वेगळ्या बातम्या वाचायला मिळतात. आपल्याकडे सर्वात महागात पडते ती हीच चूक. उत्तर एकदाच ठरवून दोन्ही भाषांत लिहून काढा. आकडे तोंडी सांगू नका. घाईत 'पावणेतीन कोटी'चे तीन कोटी होतात. प्रेसनोटमध्ये '2 कोटी 75 लाख' असेच छापून द्या. कन्नड सफाईने येत नसेल तर येणारा सहकारी बोलू दे, पण कागद तोच.

टीव्हीला बाईट (बातमीत दाखवायचा बोलण्याचा तुकडा) 15-20 सेकंदांचाच लागतो, म्हणजे जेमतेम 40 शब्द. आभार मानण्यातच ते संपतात. मुख्य वाक्य आधी बोला.

आरोप स्वतःच्या तोंडून उच्चारू नका. पतसंस्थेबद्दल अफवा उठली आणि "संस्था बुडाली का?" असे विचारले, तर "नाही, संस्था बुडालेली नाही" हे उत्तर घातक, कारण मथळ्यात 'बुडाली' हाच शब्द बसतो. "ठेवी मागितल्या त्या दिवशी परत मिळत आहेत, शाखा आज पाचपर्यंत उघडी आहे" असे सांगा. अर्थात ते खरे असेल तरच. माहिती नसेल तर "संध्याकाळी सहापर्यंत कळवतो" म्हणा आणि सहाच्या आत फोन करा. अंदाज मात्र सांगू नका.

1 नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव) आसपास किंवा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन असताना शेवटचा प्रश्न महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा असतो, मग विषय दवाखान्याचा का असेना. खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तुमचे वैयक्तिक मत तिथे संस्थेच्या नावावर चढते. "कार्यकारिणीने यावर ठराव केलेला नाही, त्यामुळे संस्थेच्या वतीने बोलू शकत नाही" एवढेच पुरे.

मुलाखत संपली तरी कॉलरचा माईक काढेपर्यंत गप्प राहा. 'हे छापू नका' ही अट बोलण्याआधी मान्य करून घ्यायची असते, नंतर ती लागू होत नाही.

बातमी चुकली तर व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडू नका. आधी बातमीदाराला फोन करा, मग संपादकांना नेमके चुकीचे वाक्य आणि दुरुस्ती लेखी पाठवा. भारतीय प्रेस परिषदेकडे जायचे झाल्यास हे पत्र लागतेच, आणि दैनिकाविरुद्धची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करावी लागते. टीव्ही वाहिन्या या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत.