हरभऱ्याची राखण: झटका तारेखालचे गवत आधी काढा

ताडोबा, नवेगाव-नागझिरा आणि पेंचच्या जंगलालगत हरभरा वितभर झाला की चितळांचे कळप दिवस मावळतानाच बांधावर येतात आणि सांबर रात्री नाल्याच्या आडोशाने शिरते. जंगलातल्या कुरणांत रानतुळस, तरोटा आणि घाणेरी माजली असून उरलेल्या गवतावर गुरे चरतात, त्यामुळे ही जनावरे कोवळ्या शेंड्यांकडे वळतात.

बीजप्रक्रिया, खते आणि घाटे अळीसाठी फवारणी ही नेहमीची कामे.

पीक आणि जनावर दोन्ही जातात ते मात्र एकाच हयगयीने. शेताभोवतीच्या तारेत झटका मशीन थांबून थांबून विजेचा क्षणिक झटका सोडते; परतीच्या पावसानंतर वाढलेले गवत खालच्या तारेला टेकते, पहाटेच्या दवाने ते ओले होते आणि मशीनचा सगळा जोर जमिनीत उतरतो. मग झटका बसत नाही म्हणून कोणी तरी रात्री तारेत थेट विजेची लाइन सोडतो. मशीनचा झटका हजारो व्होल्टचा असला तरी क्षणार्धात संपतो व जनावर मागे उडी घेते. २३० व्होल्टचा अखंड प्रवाह स्नायू आखडवून त्याला तारेलाच धरून ठेवतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत २००८ पासून ‘असुरक्षित’ असलेले सांबर असे मरते, त्याच्या मागावरचा वाघ मरतो आणि रात्रीच्या ओलिताला निघालेला शेजारीही मरतो. वन्यप्राण्याला असे मारणे कायद्याच्या लेखी शिकारच आहे.

म्हणून अवकाळीचे ढग दिसताच, फवारणी मागे ठेवून, तारेखालचा पट्टा विळ्याने साफ करावा. दुकानदार मोठे मशीन गळ्यात मारेल, परंतु दोष बहुधा कोरड्या अर्थिंगचा, म्हणजे मशीनला जमिनीशी जोडणाऱ्या सळयांचा, असतो. मीटरभराहून खोल तीन सळया, तीन-तीन मीटरवर, ओलसर जागी ठोकाव्यात. उग्र वासाच्या महागड्या औषधांना चितळे आठवड्यात सरावतात, असे आमचे निरीक्षण आहे. कडेने करडईच्या चार ओळी बऱ्या, मात्र काटे धरेपर्यंत चितळ तीही खाते, म्हणून ती हरभऱ्याच्या आधी पेरावी.

नुकसान झालेच तर तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि पंचनामा होईपर्यंत खाल्लेल्या ओळींत डवरा (कोळपे) फिरवू नये.